मागे राहिलेला गडी

इंग्रजी शिकू लागलेल्या मुलाला व्याकरणाचे भय पहिली दोन वर्षे वाटते. पुढे ते ओसरते आणि मग त्याची गाठ पडते वाक्प्रचारांशी. वाक्यातील एकूण एक शब्द ओळखीचा असतो, तरीही वाक्य अनोळखीच राहते. 'लेफ्ट इन द लर्च' हा अशा वाक्प्रचारांपैकी एक. लोणंदच्या शाळेत शिकणारा एखादा मुलगा कोश उघडतो. 'लर्च' म्हणजे 'एकदम झोक जाणे' असा अर्थ त्याला सापडतो आणि त्याच्या डोळ्यांपुढे लाटेने एका अंगावर कललेले जहाज तरी उभे राहते, नाही तर दारूड्याची झोकांडी. यांपैकी कशातही कोणी कोणाला सोडून जात नाही. मुलगा बुचकळ्यात पडतो. बिचाऱ्या कोशाचा यात काही दोष नाही. झोक जाण्याचा 'लर्च' निराळा आणि वाक्प्रचारातला 'लर्च' निराळा. एकाच वर्गात एकाच नावाचे दोन विद्यार्थी असावेत आणि गुरुजींनी हाक मारताच भलताच उभा राहावा, तसा हा प्रकार आहे.

वाक्प्रचारातील 'लर्च'चे घराणे फ्रेंच आहे. सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये 'लूर्श' नावाचा एक खेळ खेळला जात असे. पट, सोंगट्या आणि फासे असा त्याचा सरंजाम. आपल्याकडे माजघरात सारीपाट मांडून बसणाऱ्या वडीलधाऱ्यांना तो मुळीच परका वाटला नसता. एका गड्याच्या सोंगट्या भराभर पुढे सरकाव्यात आणि दुसऱ्याच्या इतक्या मागे पडाव्यात, की आता कितीही चांगले दान पडले तरी जिंकण्याची आशा उरू नये, अशी अवस्था त्या खेळात येत असे. अशा मागे राहिलेल्या गड्याच्या स्थितीलाही खेळाचेच नाव मिळाले. पुढे तो खेळ विस्मृतीत गेला, पण त्याचे नाव समुद्र ओलांडून इंग्रजीत जाऊन बसले. क्रिबेज नावाचा पत्त्यांचा एक डाव इंग्लंडात आहे. त्यात गुण मोजण्यासाठी भोके पाडलेली लाकडी फळी असते आणि गुण मिळतील तशा खुंट्या पुढे पुढे रोवीत न्यावयाच्या असतात. एक गडी शेवटच्या भोकाला पोहोचला आणि दुसऱ्याची खुंटी निम्म्या वाटेवरही आलेली नसली, म्हणजे तो 'लर्च'मध्ये राहिला असे म्हणतात. अशी हार साधी मानीत नाहीत. ती दुप्पट मोजतात.

या वाक्प्रचाराची आणखी एक कथा इंग्रज लोक सांगतात. त्यांच्या खेड्यांतील जुन्या चर्चच्या आवाराला छप्पर असलेले एक दार असते. त्याला 'लिचगेट' म्हणतात. प्रेतपेटी घेऊन आलेले लोक धर्मगुरूची वाट पाहत तेथे थांबत. 'लिच' या जुन्या शब्दाचा अर्थच मुळी प्रेत असा आहे. लग्नाला आलेली एखादी नवरी त्या दाराशी उभी राहिली, नवरदेव आलाच नाही आणि ती 'लिच'मध्ये राहिली. त्याचेच पुढे 'लर्च' झाले, अशी ही कथा. ऐकावयास ती मोठी करुण आहे. मात्र तिला पुरावा काही नाही. शब्दांच्या जन्मकथा पुष्कळदा अशाच असतात. खरी गोष्ट सोंगटीएवढी साधी निघते आणि रचलेली गोष्ट नवरीसारखी नटून येते.

आता एक शंका कोणाही विचारी मुलाच्या मनात येईल. खेळात एक गडी पुढे गेला, तर त्याने अपराध कोणता केला? पुढे जाण्यासाठीच तर तो खेळतो. मागच्याने फार तर आपल्या फाशांना दोष द्यावा. मग या शब्दप्रयोगात विश्वासघाताचा कडवटपणा आला कोठून? तो आला खेळाबाहेरच्या जगातून. १५९६ साली थॉमस नॅश या इंग्रज लेखकाने एका पुस्तकात हा शब्दप्रयोग योजला. तेथे पट नाही आणि सोंगट्याही नाहीत. तेथे प्रसंग आहे जामिनाचा. न्यायासमोर हजर होण्याविषयी दुसऱ्याच्या भरवशावर बांधून घेतलेली माणसे 'लर्च'मध्ये राहिली, असे त्याने लिहिले आहे. जामीन राहणे म्हणजे काय, हे आपल्या खेड्यापाड्यांतील लोकांना समजावून सांगावयास नको. सोसायटीच्या कर्जाला मित्र जामीन राहतो, कर्ज घेणारा परागंदा होतो आणि वसुलीचा माणूस मित्राच्या ओसरीवर येऊन बसतो. येथे पुढे निघून गेलेला माणूस प्रतिस्पर्धी नव्हता. तो आपल्याच बाजूचा गडी होता. खेळातला शब्द संसारात आला तो असा, आणि येताना त्याने आपला निरुपद्रवी स्वभाव मागे टाकला.

इंग्रजीत याच अर्थाचा आणखी एक शब्दप्रयोग आहे. त्याचा उगम समुद्रकिनाऱ्यावर झाला. भरतीच्या पाण्याबरोबर आलेले गलबत ओहोटी लागली की वाळूवर कोरडे पडून राहते. 'उंचावर आणि कोरडे' राहणे असे इंग्रज म्हणतात. रत्नागिरीकडच्या मुलांनी हे दृश्य हजारदा पाहिलेले असेल. लोणंदच्या मुलाला मात्र भरती-ओहोटी भूगोलाच्या पुस्तकातच भेटते. हा मुलूख पर्जन्यछायेचा. पाऊस येथे हात राखून पडतो. नीरा नदी आणि तिचे कालवे यांच्या आधाराने चार बागायती मळे हिरवे दिसतात. एरवी बाजरी, ज्वारी आणि कांदा. तेव्हा या मुलाने 'लर्च'साठी मराठी शब्द शोधावा तो समुद्रावर नव्हे, खळ्यावर. तेथे तो त्याला लगेच सापडतो: वाऱ्यावर सोडणे.

खळ्यात मळणी झाल्यावर उफणणी करतात. यंत्रे आली तरी लहान शेतकऱ्याच्या खळ्यात हे दृश्य अजून पाहावयास मिळते. तिवईवर उभा राहून माणूस धान्याने भरलेली पाटी डोक्याच्या वर धरतो आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन हळूहळू रिती करतो. दाणा जड, तो पायाशी पडतो. भुसा हलका, तो दूर उडून जातो. पाहणाऱ्याला ते मोठे सुंदर दिसते. भुशाला मात्र कोणी विचारलेले नसते. 'त्या पोरांना त्याने वाऱ्यावर सोडले' हे वाक्य ऐकताच जी कळ उठते, ती या चित्रामुळे. जो धरून होता, त्यानेच हात उघडला. शिवाय यांत दाणे कोणते आणि भुसा कोणता, हेही त्यानेच ठरविले. इंग्रजी शब्दप्रयोगात इतर सारे पुढे धावतात म्हणून एक जण मागे राहतो. आपल्या शब्दप्रयोगात कोणी धावत नाही, केवळ एक मूठ सैल होते. मराठी शब्दप्रयोग अधिक निष्ठुर वाटतो, तो बहुधा यामुळेच.

याच्या गोतावळ्यात इतरही शब्दप्रयोग आहेत. वचन देऊन आयत्या वेळी जबाबदारी नाकारणारा 'काखा वर करतो'. भरवसा दाखवून फजिती करणारा 'तोंडघशी पाडतो'. कोणी 'पाठ फिरवितो', कोणी 'अर्ध्या वाटेवर हात सोडतो'. लोणंदच्या कांद्याच्या बाजारात हे सारे शब्दप्रयोग वर्षभर कानी पडतात. हळव्या कांद्याला भाव बरा लागला म्हणून शेतकरी उमेदीने गरवा कांदा लावतो, तो निघेपर्यंत भाव कोसळतो, लिलावात पुकारलेली रक्कम वाहतुकीच्या खर्चालाही पुरत नाही, आणि मग पोत्यांच्या थप्पीला टेकून बसलेला माणूस 'वाऱ्यावर सोडले' एवढेच म्हणतो. कोणी सोडले, ते तो सांगत नाही.

सोडून जाण्याला इतकी नावे देणाऱ्या भाषेने न सोडण्यालाही एक नाव दिले आहे, ही समाधानाची गोष्ट. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे कोंडाण्यावर पडला. सरदार पडलेला पाहून मावळ्यांचा धीर सुटला आणि ज्या दोरांनी ते कडा चढून आले होते, त्यांच्याकडे ते परत धावू लागले. तेव्हा तानाजीचा भाऊ सूर्याजी याने ते दोर कापून टाकले, असे परंपरा सांगते. तुमचा बाप येथे मरून पडला आहे आणि तुम्ही त्याला टाकून पळता काय, अशा अर्थाचे त्याचे बोलणे घरोघरी सांगितले जाते. मावळे फिरले आणि गड आला. 'परतीचे दोर कापणे' हा शब्दप्रयोग उच्चारताच मराठी माणसाला आठवतो तो हाच कडा. आज परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतही तो सर्रास येतो, येऊ दे. शब्द वापरात राहिला तरच त्यातील गोष्ट जिवंत राहते.

माणूस मागे राहणे आणि माणूस मागे टाकला जाणे यांत फरक आहे, आणि मराठीने तो नीट जपला आहे. लोणंदच्या रेल्वे स्थानकावर हा फरक गंमतीने कळतो. पुण्याहून मिरजेला जाणाऱ्या मार्गावरील हे एक गजबजलेले स्थानक; २०१९ साली येथून फलटणलाही गाडी सुरू झाली. धावतपळत फलाटावर पोहोचलेला आणि गाडीचा शेवटचा डबा पाहत उभा राहिलेला माणूस म्हणतो, 'माझी गाडी चुकली.' उशीर केला त्याने, आणि चुकली मात्र गाडी! तरीही गाडीने आपल्याला वाऱ्यावर सोडले, असे तो कधी म्हणत नाही. चुकणे निराळे, सोडणे निराळे.

हा फरक ज्या दिवशी विनोदाचा राहत नाही, असा दिवस लोणंदला वर्षातून एकदा येतो. ज्येष्ठ-आषाढाच्या सुमारास श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून पंढरपूरकडे निघते. वाल्ह्याचा मुक्काम आटोपला की नीरेच्या काठी पादुकांना स्नान घालतात, आणि नदी ओलांडून पालखी सातारा जिल्ह्यात प्रवेश करते. जिल्ह्यातील तिचा पहिला मुक्काम लोणंदला. सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्यांनी दिले, ते हैबतबाबा याच जिल्ह्यातील आरफळ गावचे. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी ते सरदार होते. घरी परतताना सातपुड्यात लुटारूंनी त्यांना पकडून एका गुहेत कोंडले, तेथे त्यांनी हरिपाठ म्हणत दिवस काढले आणि सुटका झाल्यावर ते गावी न जाता आळंदीलाच राहिले, अशी कथा आहे. एकटे पडणे म्हणजे काय, हे ज्याने गुहेत अनुभवले, त्याने पुढे हजारो माणसांना एका वाटेवर एकत्र चालविले.

पालखी येते त्या दिवशी लोणंद आपल्या ओळखीचे राहत नाही. रस्ते माणसांनी भरतात. अंगणात, शाळेच्या वऱ्हांड्यात, दुकानांच्या पायऱ्यांवर माणसे टेकतात. रथापुढे २७ दिंड्या आणि रथामागे कितीतरी अधिक. प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो, पताका असतात, वीणेकरी असतो. सामान वाहणारे ट्रक पुढे जाऊन राहुट्या उभ्या करतात. एवढी व्यवस्था असूनही माणसे चुकतात. दरवर्षी चुकतात. पाणी प्यावयास कोणी क्षणभर थांबते, कोणाची चप्पल तुटते, कोणी ओळखीचा चेहरा दिसला म्हणून दोन शब्द बोलते. मान वर करून पाहावे, तो आपली पताका नाही. पताका सगळीकडे असतात. पण त्या दुसऱ्यांच्या असतात.

अशी एखादी आजी तळाच्या कडेला सापडते. डोक्यावर तुळशीवृंदावन, काखेत गाठोडे, पायाला फोड. पाणी वाटणारी लोणंदची मुले तिच्याजवळ जातात.

"आजी, कुठल्या दिंडीच्या तुम्ही? क्रमांक किती?"

क्रमांक तिला ठाऊक नसतो. गेली कितीतरी वर्षे ती त्याच दिंडीतून चालत आलेली असते, पण ती तिला ओळखते माणसांवरून. "आमचा वीणेकरी उंचेला आहे बाळा," ती सांगते, "आन् गळा गोड आहे त्याचा." एवढ्या खुणेवर त्या गर्दीत कोणाला शोधावे?

"घरचा मोबाइल नंबर आहे का?"

"लेकाकडं आहे."

मुले एकमेकांकडे पाहतात. इतका वेळ धीराने बोलणारी ती म्हातारी मग एकाएकी पदराने डोळे टिपते आणि म्हणते, "टाकून गेली रं मला माझी माणसं."

चुकले, असे ती म्हणत नाही. वाट चुकण्याचे तिला भय नाही. वाट तिला पाठ आहे, आणि ती सरळ पंढरपूरलाच जाते. तिच्या मनात आलेली शंका निराळी असते. आपण हळू चालतो, जेवावयास वेळ लावतो, रात्री खोकतो. घरच्यांना आपले ओझे झाले नसेल ना? ही शंका पुष्कळदा खोटी ठरते. मात्र ती नेहमीच खोटी ठरते, असे मुलांना सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. म्हाताऱ्या आईबापांना गर्दीत मुद्दाम सोडून घर गाठणारी माणसे या जगात आहेत. ती आहेत म्हणूनच देशाच्या संसदेला २००७ साली आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा करताना त्यात एक स्वतंत्र कलम घालावे लागले. ज्येष्ठ नागरिकाचा सांभाळ ज्याच्याकडे आहे, त्याने त्याला कायमचे टाकून देण्याच्या हेतूने कोठेही सोडले, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. वाऱ्यावर सोडणे हा नुसता वाक्प्रचार राहिला नाही. तो गुन्हा ठरला. कायद्याने मुलाला आईचा हात धरावयास लावता येत नाही, हे खरे. सोडलेल्या हाताचा जाब मात्र विचारता येतो.

संध्याकाळी पालखी तळावर येते आणि समाज-आरतीसाठी दिंड्या तिच्याभोवती उभ्या राहतात. टाळ-मृदंगांचा असा कल्लोळ चाललेला असतो, की शेजारच्याचा शब्द ऐकू येऊ नये. इतक्यात चोपदार आपला दंड उंच धरतो. आणि सारे थांबते. एवढ्या मोठ्या समुदायाची ती शांतता ज्याने एकदा ऐकली, तो ती विसरत नाही. एखादी दिंडी तेवढी टाळ वाजवीत राहिली, तर तिची काही तक्रार आहे असे समजावयाचे. चोपदार तिच्याकडे जातो आणि विचारपूस करतो. मग हरवल्या-सापडल्याची घोषणा होते. कोणाची पिशवी, कोणाचा चश्मा, कोणाचे टाळ. ज्याचे त्याने ओळख पटवून घेऊन जावे. दुसऱ्या दिवशी पालखी किती वाजता हालणार, तेही सांगतात आणि मग आरती होते. थकलेल्या, भुकेलेल्या हजारो माणसांनी कोणा अनोळखी माणसाच्या हरवलेल्या चश्म्यासाठी श्वास रोखून उभे राहावे, ही गोष्ट लहान वाटते खरी. पण लष्कराच्या शिस्तीतही ती सहज सापडावयाची नाही.

चुकलेल्या माणसांसाठी याखेरीज ध्वनिक्षेपक असतात, पोलिसांच्या मदतीच्या चौक्या असतात. म्हातारीच्या गावाचे नाव कर्ण्यावरून पुन्हा पुन्हा पुकारले जाते. कधी पहिल्याच हाकेला अंधारातून कोणी धावत येते. कधी रात्र होते तरी कोणी येत नाही. तेव्हा तिला जवळच्या एखाद्या दिंडीत बसवितात, तिच्या ताटात भाकरी पडते, झोपावयास कडेची जागा मिळते. तिचे नाव-गाव विचारतात. जात कोणी विचारीत नाही. सकाळी ती नव्या दिंडीच्या रांगेत उभी राहते. दोन्ही दिंड्या जावयाच्या एकाच गावी, त्यामुळे यात अडचण अशी काही नसते. अडचण असते ती तिच्या मनात. ती सारखी पुढे पाहते आणि सारखी मागे पाहते.

२०२० साली करोनाच्या साथीमुळे पायी वारी झाली नाही. पादुका एस.टी.च्या गाडीतून पंढरपूरला गेल्या. पुढच्या वर्षीही तसेच झाले. लोणंदचा तळ दोन्ही वर्षे रिकामा होता. त्याच २०२० सालच्या उन्हाळ्यात शहरांतील काम बंद पडलेले मजूर, डोक्यावर बोचके आणि कडेवर मूल घेऊन, शेकडो मैल दूरच्या आपल्या गावांकडे पायी निघाले होते. त्या रांगांपुढे पताका नव्हती, मुक्कामाचे ठिकाण ठरलेले नव्हते आणि कोण मागे राहिले ते पाहणारा चोपदारही नव्हता. वर्तमानपत्रांनी त्यांच्यासाठी हाच जुना खळ्यावरचा शब्दप्रयोग वापरला. २०२२ साली पालखी पुन्हा पायी निघाली. नीरेचा पूल माणसांनी भरला, पाणी वाटणारी मुले पुन्हा तळाच्या कडेला उभी राहिली. दोन वर्षांत ती वीतभर उंच झाली होती.

लोणंदहून निघालेली पालखी तरडगावच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबापाशी थांबते. वारीतील पहिले उभे रिंगण येथे होते. वारकरी दुतर्फा रांगा धरतात आणि त्यांच्यामधून घोडे दौडत जातात. घोडा गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावण्यासाठी एकच झुंबड उडते. हरवलेली माणसे सापडतात ती बहुधा अशाच जागी, कारण सगळ्या दिंड्या थांबलेल्या असतात आणि सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळलेल्या असतात. रात्रभर तळ पालथा घातलेला, डोळे तांबारलेला मुलगा गर्दीतून वाट काढीत येतो. आईला पाहताच त्याला रडूही येते आणि रागही येतो.

"अगं आये, कुठं चुकलीस तू? रात्रभर शोधतोय तुला!"

म्हातारी त्याच्या तोंडावरून हात फिरविते. मग कडेचे गाठोडे त्याच्या हातात देते, डोक्यावरचे वृंदावन नीट करते आणि सगळ्या दिंडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते,

"मी कशाला चुकतीय? मी माझ्या चालीनं चालले होते. तुम्हीच पुढं पळालात!"